लीगमध्ये पहिला नंबर, तरी एनसीएएला नाही. हे कसं?

तिसरी_रांग

नमस्कार मंडळी. अमेरिकन कॉलेजांच्या खेळांची संघटना असलेल्या एनसीएएच्या डिव्हिजन थ्रीचं पुरुषांचं बास्केटबॉल मनापासून बघणारं इथे कुणी आहे का? असेल तर मला एक गोष्ट नीट समजावून सांगा. शनिवारपासून डोक्यातून जात नाहीये.

आम्ही मिडवेस्टमधल्या एका लहान गावात राहतो. नवरा इथल्या कॉलेजात शिकवतो, एकूण विद्यार्थी दोन हजारांच्या आत. कॉलेजचं आणि त्याच्या कॉन्फरन्सचं, म्हणजे लीगचं, नाव मुद्दाम देत नाही, कारण टीममधली मुलं ओळखीची आहेत. काहीजण त्याच्या वर्गात बसतात, दोघंतिघं सुट्टीत घरी जेवायला येतात. हिवाळ्यात दर बुधवारी आणि शनिवारी आम्ही जिममध्येच असतो. त्यामुळे हा आमच्यासाठी नुसता टीव्हीवरचा खेळ नाही.

आमच्या कॉन्फरन्समध्ये दहा टीम आहेत. प्रत्येकीशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे, म्हणजे अठरा गेम. त्यात आमची मुलं १५-३. पहिला नंबर, तोही दोन गेमच्या फरकानं. मग कॉन्फरन्स टुर्नामेंट. सेमीफायनल आरामात जिंकलो. फायनल आमच्याच जिममध्ये, तिसऱ्या नंबरच्या टीमशी. सीझनमध्ये तिला दोन्ही वेळा हरवलेलं.

४१ सेकंद उरले होते, आम्ही एका पॉइंटनं मागे. आमच्या पॉइंट गार्डला वन-अँड-वन मिळाला, म्हणजे पहिला फ्री थ्रो आत गेला तरच दुसरा. हा चौथ्या वर्षाचा मुलगा, सीझनभर फ्री थ्रोला डोळे मिटून विश्वास ठेवावा असा. बॉल रिंगच्या मागच्या कडेला लागून वर उडाला आणि बाहेर आला. रिबाउंड त्यांचा. मग फाउल, फ्री थ्रो, पुन्हा फाउल, पुन्हा फ्री थ्रो, आणि चार पॉइंटनी हरलो. आमच्याच बास्केटखाली, आमच्याच शिडीवर चढून त्यांनी चॅम्पियनच्या रिवाजाप्रमाणे जाळी कापली. आमची मुलं रांगेत उभी राहून हात मिळवत होती. प्रेक्षकांमधलं कुणी जागचं हललं नाही.

सोमवारी एनसीएए टुर्नामेंटच्या टीम जाहीर करणारा सिलेक्शन शो होता. ६४ नावं आली, त्यात आमचं नाही. १९-८ वर सीझन संपला.

मला खरंच कळत नाही. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत जे मिळवलं ते एका रात्रीत कसं जातं? तिसऱ्या नंबरची टीम चॅम्पियन आणि पहिल्या नंबरची घरी, हा नियम कुणी केला? सगळीकडे असंच असतं का? आणि १५-३ नंतरही निवड समितीला आम्ही दिसलो कसे नाही?

---

शॉटक्लॉक

ताई, आधी एवढंच सांगतो. १५-३ ही चॅम्पियनशिप आहे. तिला कुणी ‘नुसती रेग्युलर सीझनची’ म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

मी विस्कॉन्सिनमध्ये एका कॉलेजच्या स्कोअरर टेबलवर बसतो. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला किती सेकंद उरले ते दाखवणारं घड्याळ, माझ्या हातात. बॉल दुसऱ्या टीमकडे गेला की तीस सेकंद, हल्ला करणाऱ्यांनीच रिंगवरून परत मिळवला की वीस. त्या खुर्चीवरून दोन्ही बेंच अगदी जवळ असतात. कॉन्फरन्सचा गेम आणि बाकीचा गेम यातला फरक तिथे डोळ्यांआधी कानांना कळतो. नोव्हेंबरात बाहेरची टीम आली की बेंचवरून नुसतं ‘बोला, एकमेकांशी बोला’ चालू असतं. फेब्रुवारीत कॉन्फरन्समधली टीम दुसऱ्यांदा समोर आली की त्यांच्या गार्डनं मूठ डोक्यापर्यंत नेऊन प्लेचा इशारा करण्याआधीच आमचा असिस्टंट कोच ओरडून मोकळा होतो. प्लेचं नाव, स्क्रीन (बचाव करणाऱ्याची वाट अडवून उभा राहणारा खेळाडू) कुठल्या बाजूनं येणार, शॉट कोण मारणार, सगळं. समोरच्यालाही माहीत असतं की आपलं गुपित फुटलंय. तरी तो तोच प्ले चालवतो. फक्त या वेळी स्क्रीन लावायला आलेला पोरगा थांबतच नाही, खांदा वळवून थेट बास्केटकडे सुटतो, आणि आमचे दोघं रिकाम्या जागेला गार्ड करत राहतात. दोन पॉइंट. आठवड्याभराचा अभ्यास त्या एका वळणासाठी झालेला असतो. हे बघायला मिळावं म्हणून मी थंडीत गाडीवरचा बर्फ खरवडून जिमला जातो.

डी-थ्रीत खेळासाठी स्कॉलरशिप नसते. इथे आलेला मुलगा शिकायला आलेला असतो आणि खेळल्याशिवाय राहवत नाही म्हणून खेळतो. बरेचजण चारही वर्षं एकाच कॉलेजात काढतात. म्हणजे कॉन्फरन्समधल्या प्रत्येक टीमशी चार वर्षांत आठ गेम. पहिल्या वर्षी ज्यानं आपल्याला पोस्टवर, म्हणजे बास्केटजवळच्या जागेत, ढकलून बाहेर काढलं, त्याच्यासमोर दोन वर्षांनी आपण अंगानं भरून उभे राहतो. म्हणून मी म्हणतो की कॉन्फरन्सचा खरा निकाल दुहेरी राउंड रॉबिनमध्येच लागतो. प्रत्येकाच्या घरी जायचं, प्रत्येकाला घरी बोलवायचं. बसचा प्रवास, मिडटर्म, मुरगळलेला घोटा, सर्दीताप, हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं. अठरा गेममध्ये नशीब दोन्ही बाजूंनी वाहून जातं आणि जे उरतं ती टीमची खरी लायकी. एका रात्रीच्या चाळीस मिनिटांत तसं होत नाही.

आता नियमाचं. एनसीएए टुर्नामेंटला ६४ जागा. त्यातल्या चाळीसहून जास्त जागा कॉन्फरन्स चॅम्पियनना थेट जातात, यालाच ऑटोमॅटिक बिड म्हणतात. उरलेल्या वीसेक जागांसाठी बाकी सगळा देश. पण चॅम्पियन कुणाला म्हणायचं हे एनसीएए ठरवत नाही, कॉन्फरन्स ठरवते. बहुतेकांनी ते टुर्नामेंट जिंकणाऱ्याला देऊन टाकलंय. त्यामुळे तुमचा राग एनसीएएवर काढू नका. तुमच्याच दहा कॉलेजांनी मिळून हा नियम केलेला आहे, आणि मनात आणलं तर तीच तो बदलू शकतात.

सगळीकडे असंच नाही. यूएए ही कॉन्फरन्स घ्या, म्हणजे युनिव्हर्सिटी अॅथलेटिक असोसिएशन. शिकागो, सेंट लुईसचं वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी, एमरी, एनवाययू, ब्रँडाइस, रोचेस्टर, केस वेस्टर्न, कार्नेगी मेलन. आठ टीम, चौदा गेम, आणि कॉन्फरन्स टुर्नामेंट नाहीच. जो टेबलमध्ये, म्हणजे जय-पराजयाच्या तक्त्यात, वर तो चॅम्पियन, बिड त्याला. अंतरं इतकी की बऱ्याच ठिकाणी विमानानं जावं लागतं, म्हणून शुक्रवारी एका शहरात आणि रविवारी दुपारी दुसऱ्या शहरात खेळतात. तिथे जानेवारीतल्या शुक्रवारच्या गेमलाही फायनलचं वजन असतं, कारण नंतर दुरुस्त करायला काही ठेवलेलंच नाही. मला हीच पद्धत सगळ्यात न्यायाची वाटते.

उलट टोकाला नेस्कॅक ही कॉन्फरन्स. अॅमहर्स्ट, विल्यम्स, ट्रिनिटी, टफ्ट्स वगैरे अकरा कॉलेजं. ती सीझनमध्ये एकमेकांशी एकदाच खेळतात, एकूण दहा गेम. या वर्षी विल्यम्सकडे जायचं की विल्यम्स आपल्याकडे, यावरसुद्धा टेबल हलतं. तिथे पहिल्या आठ जणांची टुर्नामेंट ठेवतात ते मला पटतं, कारण दहा एकेरी गेमनी निकाल पुरता लागतच नाही. पण अठरा दुहेरी गेम खेळून झाल्यावर पुन्हा परीक्षा कशाला?

‘समितीला आम्ही दिसलो कसे नाही’ याचं उत्तर जास्त कडू आहे. २०२४-२५ पासून डी-थ्रीत उरलेल्या जागा एनपीआय नावाच्या आकड्यावर दिल्या जातात. एनसीएए पॉवर इंडेक्स. जिंकण्याचं प्रमाण आणि प्रतिस्पर्ध्यांची ताकद ही त्याची दोन मुख्य अंगं. शिवाय परगावी जिंकलेल्या गेमला जास्त वजन, आणि तगड्या टीमला हरवलं तर वरून बोनस. आता तुमच्या कॉन्फरन्सचं गणित मांडून बघा. दहा टीम, प्रत्येकीचे अठरा, म्हणजे आपसात नव्वद गेम. त्यात नव्वद विजय आणि नव्वदच पराभव. तुम्ही १५-३ गेलात तर ते तीनाच्या वरचे बारा विजय दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यातून आलेत. कॉन्फरन्स आपसात कितीही चुरशीनं खेळली तरी तिची एकत्रित पत तसूभरही वाढत नाही. ती ठरते बाहेरच्या गेममध्ये, म्हणजे मुख्यतः नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, जेव्हा जिम अर्धी रिकामी असते. रेग्युलर सीझनला २५ गेमची मर्यादा. तुमचे अठरा कॉन्फरन्समध्येच गेले, उरले सात. तुमच्या १९-८ मधून कॉन्फरन्सचे अठरा आणि टुर्नामेंटचे दोन वजा केले तर बाहेर ३-४ निघतात. तुमच्या बाकीच्या नऊ टीमचंही बाहेर तसंच असेल, तर १५-३ ला वरून कुणीच मोठा आकडा देणार नाही. फ्री थ्रो शनिवारी चुकला. पण त्याच्यामागचा दुसरा दरवाजा उघडा नव्हता, तो नोव्हेंबरातच बंद झालेला होता.

---

हॉलंडकर

(हॉलंड म्हणजे मिशिगनमधलं.)

शॉटक्लॉक, तुम्ही गणित सुरेख सांगितलंत, पण टुर्नामेंट नको या मताला माझा ठाम विरोध आहे.

आमच्याकडे होप आणि कॅल्व्हिन. होप हॉलंडमध्ये, कॅल्व्हिन ग्रँड रॅपिड्समध्ये, गाडीनं अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. दोन्ही डच वंशाच्या लोकांनी उभी केलेली कॉलेजं, पण चर्च वेगळी. १८५७ साली ती चर्च फुटली आणि आजही एकाच घरातला एक भाऊ होपच्या निळ्या-नारिंगीत आणि दुसरा कॅल्व्हिनच्या मरूनमध्ये बसलेला दिसतो. १९९७ च्या जानेवारीत हा गेम ग्रँड रॅपिड्समधल्या व्हॅन अँडेल अरिनात ठेवला तेव्हा ११,४४२ लोक आले. डी-थ्रीच्या गेमला! आमची एमआयएए देशातली सगळ्यात जुनी कॉन्फरन्स, १८८८ ची. तेव्हा बास्केटबॉलचा शोधसुद्धा लागलेला नव्हता.

या दोघांचे सीझनमध्ये दोन गेम ठरलेले. तिसरा व्हायचा असेल तर तो कॉन्फरन्स टुर्नामेंटमध्येच होतो. दोघांनी एकेक जिंकलेला असताना तिसरा गेम, हरला त्याचा बहुधा सीझन संपला. मी होपच्या डेव्होस फील्डहाउसमध्ये तो आवाज ऐकलाय. शेजारच्या माणसाला काही सांगायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. तो गेम कुणी काढून घ्यायचं म्हणालं तर माझ्या गावात त्याच्याशी कुणी बोलणार नाही.

आणि नुसती भावना नाही. सहाव्या-सातव्या नंबरच्या टीमचा विचार करा. जानेवारीत त्यांचा सेंटर गुडघा धरून बसला, पाच गेम गेले. फेब्रुवारीत तो परत आला आणि टीम चांगली खेळायला लागली. तुमच्या यूएएच्या पद्धतीत त्या मुलांच्या हातात फेब्रुवारीत काय उरतं? टुर्नामेंट असली की सहाव्या जागेसाठीसुद्धा शेवटच्या शनिवारपर्यंत जीव तोडून खेळावं लागतं. शिवाय पुढे एनसीएएत काय आहे? हरलात की घरी. तिथे कुणी दुहेरी राउंड रॉबिन खेळवत नाही. २०२३ ची फायनल आठवा, क्रिस्टोफर न्यूपोर्ट विरुद्ध माउंट युनियन, ७४-७२, शेवटच्या शॉटवर. ज्या टीमला मार्चमध्ये असं खेळायचंय, तिला फेब्रुवारीच्या शेवटी एकदा तशी रात्र काढायला लागली तर त्यात अन्याय कसला?

तिसरी रांग, तुमच्या पॉइंट गार्डबद्दल मात्र वाचून पोटात तुटलं. त्याला कुणीतरी जवळ बसवून सांगा की तो बॉल हातात घ्यायची वेळ त्याच्यावर आली, कारण टीमला दुसरं कुणी नको होतं.

---

पासाडेनावासी

वरची चर्चा वाचून राहवलं नाही. तुम्ही दोघं बिड कुणाला मिळावा यावर बोलताय. मला बिडच्या पलीकडचं सांगायचंय.

कॅलटेक, पासाडेनाचं विज्ञान-तंत्रज्ञानाचं विद्यापीठ. एससीआयएसी कॉन्फरन्स, दक्षिण कॅलिफोर्निया. १९८५ नंतर कॅलटेकच्या पुरुष टीमनं कॉन्फरन्समधला एकही गेम जिंकला नव्हता. सलग ३१० पराभव. २००७ मध्ये बार्ड कॉलेजला हरवून डी-थ्रीतला मोठा दुष्काळ संपवला, पण तो कॉन्फरन्सबाहेरचा गेम होता. कॉन्फरन्समधली माळ तशीच चालू राहिली. विचार करा, टीममधल्या बऱ्याच मुलांचा जन्मही ती सुरू झाल्यानंतरचा.

२२ फेब्रुवारी २०११. सीझनचा शेवटचा गेम, समोर ऑक्सिडेंटल कॉलेज. ४५-४५. रायन एल्मक्विस्ट, शेवटच्या वर्षाचा, कॉम्प्युटर सायन्सचा विद्यार्थी, ३.३ सेकंद उरलेले असताना फ्री थ्रो लाइनवर. बॉल आत गेला. ४६-४५. लोक कोर्टवर धावले. त्या विजयानं कॅलटेक कुठल्याही टुर्नामेंटला गेलं नाही, टेबलमध्ये वरही सरकलं नाही. पण त्या दिवशी ते जगभराच्या बातम्यांत होतं.

मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू? ते ३१० गेम खेळले गेले. प्रत्येक वर्षी नवी मुलं आली, दुपारच्या लॅबनंतर सरावाला गेली, समोरच्यांचे व्हिडिओ बघितले आणि बसमध्ये चढली. हॉलंडकर विचारतात की फेब्रुवारीत त्या मुलांच्या हातात काय उरतं. समोरच्याला हरवायचं एवढं उरतं, आणि तेवढं पुरतं.

याच कॉन्फरन्समध्ये पोमोना-पिट्झरच्या टीमला १९७९ साली एक तरुण कोच आला. पहिल्या सीझनला २-२२, आणि त्यात कॅलटेककडूनही हरला. नाव ग्रेग पोपोविच. पुढे एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये सॅन अँटोनियोच्या टीमला पाच किताब मिळवून दिले. कॉन्फरन्समधला एक वाईट हिवाळा म्हणजे माणसाचा शेवट नसतो, हे त्या पॉइंट गार्डला सांगायला हरकत नाही.

---

तिसरी_रांग

सगळ्यांचे मनापासून आभार. पासाडेनावासी, तुमची पोस्ट मी नवऱ्याला वाचून दाखवली. तो ती उद्या वर्गानंतर त्या मुलाला सांगणार आहे, मराठीतून इंग्रजीत जमेल तशी.

शॉटक्लॉक, तुम्ही ३-४ बरोबर काढलेत. ते चार पराभव असे. दोन परगावी, दोन्ही टीम पुढे एनसीएएला गेल्या, त्यातल्या एकीशी ओव्हरटाइममध्ये हरलो. बाकीचे दोन नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आसपास, अगदी साध्या टीमकडून, तेव्हा आमचा पॉइंट गार्ड हाताला पट्टी बांधून बेंचवर होता. तीन विजय मिळाले त्या टीम आपापल्या कॉन्फरन्समध्ये तळाला आहेत. मग पुढच्या वर्षी कोचनं काय करायला हवं? कठीण टीम बोलावल्या तर आणखी हरू, सोप्या बोलावल्या तर उपयोग नाही. हे तर दोन्हीकडून अडकल्यासारखं झालं.

आणि एक प्रश्न राहिला. हरल्यावर जिममध्ये चॅम्पियनशिपचा बॅनर लागतो का? इथे दोन मतं आहेत. काही जुने माजी विद्यार्थी म्हणतात की टुर्नामेंट हरलो तर बॅनर मागू नये.

---

शॉटक्लॉक

बॅनरचं आधी. लागतो, लागलाच पाहिजे. कॉन्फरन्सच्या रेकॉर्डमध्ये रेग्युलर सीझनचा चॅम्पियन आणि टुर्नामेंटचा चॅम्पियन अशा बहुतेक ठिकाणी दोन वेगळ्या नोंदी असतात. तुमच्या कॉन्फरन्सच्या साइटवर जाऊन बघा आणि त्या माजी विद्यार्थ्यांना दाखवा. त्यांनी स्वतः खेळताना किती वेळा १५-३ केलं होतं तेही त्याच पानावर असेल. वर्ष आणि ‘कॉन्फरन्स चॅम्पियन’ एवढंच लिहायचं. रेग्युलर सीझन हे शब्द बारीक अक्षरांतसुद्धा घालायची गरज नाही.

आता वेळापत्रक. तुम्ही म्हणता तेवढं अडकलेलं नाहीये. एनपीआयमध्ये तगड्या टीमकडून परगावी झालेला पराभव फारसा ओढून खाली नेत नाही, कारण समोरच्याची ताकद तुमच्या खात्यात जमा होते. ओव्हरटाइमचा तो गेम हरूनही तुमच्या कामाचाच होता. नुकसान केलं ते थँक्सगिव्हिंगच्या दोन पराभवांनी. आणि तळाच्या टीमवरचे विजय जवळपास शून्य आहेत. ज्या विजयामुळे आकडा उलटा खाली येईल असा विजय हिशेबातून वगळण्याचीही सोय त्या पद्धतीत आहे, म्हणजे असा गेम जिंकून तुम्ही फक्त एक संध्याकाळ घालवलेली असते. म्हणून सात गेममध्ये तीन-चार तरी मधल्या वरच्या टीम हव्यात. देशात पहिल्या पंचवीसात नसलेल्या, पण आपल्या कॉन्फरन्समध्ये दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर येणाऱ्या. तुमच्यासारखी टीम त्यांना हरवू शकते, आणि हरवलं तर त्याचा भाव मिळतो. विस्कॉन्सिनमध्ये डब्ल्यूआयएसी या कॉन्फरन्सच्या आठ टीम आहेत. आपसात चौदाच गेम खेळतात, म्हणजे बाहेर खेळायला प्रत्येकीकडे अकरा गेम. त्यांनाही चांगल्या टीम हव्याच असतात. तुमच्या कोचनं फोन केला तर कुणी नाही म्हणणार नाही, फक्त बहुतेकजण म्हणतील की आमच्याकडे या. जावं. परगावचा विजय जास्त मोलाचा.

खरी अडचण वेगळी आहे. एकट्या तुमच्या टीमनं सुधारून भागत नाही. कॉन्फरन्समधल्या दहाही टीमनी नोव्हेंबरात बाहेर जाऊन जिंकायला हवं, कारण तुमचे अठरा गेम त्यांच्याच आकड्यांशी बांधलेले आहेत. नोव्हेंबरात तुमचा कट्टर प्रतिस्पर्धी बाहेरच्या टीमशी खेळत असेल तर त्याच्या बाजूनं ओरडा. जीवावर येतं हे मला माहीत आहे. मी स्वतः टेबलावर बसून शेजारच्या कॉलेजचा स्कोअर फोनवर बघत असतो आणि ते जिंकावेत असं मनापासून वाटतं. जानेवारी उजाडला की ते संपतं.

हॉलंडकर, होप-कॅल्व्हिनचा तिसरा गेम काढून घ्यायला मी सांगत नाही. तो व्हावा, जाळी कापावी, चषक द्यावा. माझं म्हणणं एवढंच की बिड टेबलच्या वरच्याला द्यावा आणि टुर्नामेंटला स्वतःची किंमत असू द्यावी. तुम्ही म्हणाल, बिड नसेल तर तो आवाज येणार नाही. होप विरुद्ध कॅल्व्हिनला येईल. अकरा हजार माणसं जानेवारीत आली होती, तेव्हा कुठला बिड टांगलेला होता?

---

हॉलंडकर

हा मुद्दा मान्य, जानेवारीतच आली होती. पण बाकीच्या कॉन्फरन्सकडे होप-कॅल्व्हिन नाही हो. दहापैकी सहा-सात कॉलेजं अशी असतात की त्यांच्या जिममध्ये वर्षातली एकमेव भरगच्च रात्र म्हणजे टुर्नामेंटची. ती रात्र भरते कारण बिड पणाला लागलेला असतो. तिसरी रांग, तुमच्या फायनलला किती लोक होते आणि जानेवारीतल्या बुधवारी किती असतात?

---

तिसरी_रांग

फायनलला भिंतीला टेकून लोक उभे होते. बुधवारी पुढच्या चार रांगा भरतात. आईवडील, आम्ही काही शिक्षकांच्या घरचे, आणि महिलांच्या टीममधल्या मुली, त्यांचा गेम आधी संपलेला असतो म्हणून.

पण हॉलंडकर, त्या भिंतीला टेकलेल्या लोकांमधले पुष्कळ मी त्याआधी कधी बघितले नव्हते. मुलं १५ गेम जिंकली ती बुधवारच्या चार रांगांसमोर. मला शॉटक्लॉकचं पटतं.

बॅनरचं रेकॉर्ड बघितलं, दोन नोंदी आहेत, वेगवेगळ्या. बॅनर नको म्हणणाऱ्यांपैकी तिघांच्या वर्षांच्या नोंदी काढून माजी विद्यार्थ्यांच्या गटात टाकल्या. कुणाचंच १५-३ नव्हतं. आता बॅनरवर वाद नाही.

कोचच्या कानावर विस्कॉन्सिनचं घातलंय. त्यांनी आधीच एका डब्ल्यूआयएसीच्या टीमशी बोलणं सुरू केलंय, परगावीच, नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी.

---

शॉटक्लॉक

उत्तम. कुठली टीम ते पक्कं झालं की मला निरोप करा. त्यांची मॅन-टू-मॅन, म्हणजे प्रत्येकानं एकेकाला धरून केलेली बचावाची पद्धत, खूप दाटीची असते, बॉल पोस्टमध्ये जाऊच देत नाहीत. तुमच्या नव्या पॉइंट गार्डला डाव्या हातानं ड्राइव्ह करता येतं का? येत नसेल तर उन्हाळ्यात तेवढंच करायला सांगा, कारण उजवीकडे ते पहिल्या मिनिटापासून भिंत उभी करतात. आणि गेमला स्वतः या. जिम सापडायला सोपी आहे, पार्किंग फुकट, आणि पाहुण्यांची बाजू टेबलासमोरच्या स्टँडमध्ये असते.